चौथी खुंटी

रविवार, १६ नोव्हेंबर १९५८

बाद केला. इद्रिसला बाद केला! आमच्याच क्लबाचा मार्कर, आमच्याच कोर्टावर, दोनशे माणसांच्या देखत.

अक्षर कसं आलंय हे!

क्लबाच्या साहेबलोकांना टेनिस खेळवणं हे इद्रिसचं पोटापाण्याचं काम. आज समोर धुळ्याच्या क्लबाचा मार्कर कय्युम. दोघंही टेनिसवर पोट भरणारे, त्यामुळे एकेक चेंडू जिवावर उदार होऊन खेळले. तिसऱ्या सेटला चार-चार. इद्रिसनं चिंचेकडच्या कोपऱ्यात असा फटका मारला की कय्युम जागचा हलला नाही. चेंडू रेघेबाहेर पडला. चार बोटं बाहेर. उंच खुर्चीवरून मी स्पष्ट पाहिलं. ‘आउट’ म्हणालो.

इद्रिस धावत खुर्चीखाली आला. "गुरजी, चेंडू आत शे! रेघच चुकेल शे. खुंटी रेघना भाहेर शे, दखा ना एकदाव!"

समज दिली. ऐकेना. बॅट जमिनीवर आपटली. पुस्तकात अंपायरला हत्यारं दोनच — आधी समज, मग बाद. मधलं काही नाही. मी दुसरं उचललं.

नियम म्हणजे नियम. मी ड्रिलमास्तर आहे. त्या खुर्चीवर चढलो की पोरं मागून ‘उंटावरचा शहाणा’ म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. म्हणोत!

पण रेघ चुकली म्हणाला. आणि रेघ मी आखली होती.

सोमवार, १७ नोव्हेंबर

इथं तरी खरं लिहावं.

कोर्टाच्या चार कोपऱ्यांत चार बाभळीच्या खुंट्या पुरल्यात. डोकं जमिनीबरोबर, वर मुरूम आणि शेणाचा सडा. इद्रिस अंगठ्यानं चाचपून खुंटी काढतो, सुतळी ताणतो, चुन्याची रेघ मारतो. दर वेळी तोच. या वेळी मी म्हणालो, ‘खेळणाऱ्यानं आपली रेघ आपण आखायची नाही.’ पुस्तकात असा नियम नाही. माझाच! त्याला घरी पाठवलं, मॅचच्या वेळीच ये म्हणालो.

तीन खुंट्या सापडल्या. चिंचेकडची सापडेना. अर्धा तास गुडघ्यांवर रांगलो. पुन्हा इद्रिसला बोलवायचं? कुठल्या तोंडानं? अंदाजानं खिळा ठोकला आणि सुतळी बांधली.

संध्याकाळी क्लबाचे सेक्रेटरी डॉक्टरसाहेब म्हणाले, "गुरुजी, रेघ नीट आखली होती ना?"

"हो," म्हणालो.

मोजायचा टेप ओव्हरसियरकडे, आणि ओव्हरसियर मोलगीच्या रस्त्याच्या कामावर. "मग परवा कोपरा खणूनच बघू," डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली.

बुधवार, १९ नोव्हेंबर

खणला. हातभर खणला. खुंटी नाही! रेघेखाली नाही, रेघेबाहेर नाही, कुठंच नाही.

"कुजून गेली असेल कधीच," डॉक्टर म्हणाले. "आणि हा तिच्या जोरावर अंपायरशी भांडतोय!" इद्रिसकडे वळून विचारलं, "काही म्हणायचंय?"

तो आपल्या पायांकडे बघत होता. "नही साहेब. गुरजी म्हनतीन तेच खरं."

कामावरून काढला. माझ्या रिपोर्टावर — ‘अंपायरशी गैरवर्तन’. खाली माझी सही, पूर्ण नावानिशी, ठसठशीत.

मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं. खुंटीच नव्हती, तर मला सापडणार कशी?

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

शाळेच्या मैदानावर लेझीम चालू होती. तेवढ्यात माझ्या मागं — ठक! बॅटीवर चेंडू. वळलो. कुणी नाही. शंभर पोरं माझ्याकडे बघत होती आणि मी मोजणी विसरलो होतो.

रविवार, ३० नोव्हेंबर

ओव्हरसियर परत आला. लांब उडीचा खड्डा मोजायचाय असं सांगून टेप आणला. खोटं बोलणं आताशा जमायला लागलंय.

उजाडताच क्लबावर गेलो. मार्कर नाही, त्यामुळे सडा नाही, नवा चुना नाही. खणलेला कोपरा सोडला तर माझी रेघ तशीच, फिकट. कोर्टावर शेळ्यांच्या लेंड्या. मोजलं. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा टेपाचं दुसरं टोक दगडाखाली दाबून मोजलं.

चिंचेकडे रेघ चार बोटं आत आहे.

चार बोटं! चेंडू खऱ्या रेघेवर पडला होता. इद्रिस खरा होता. खुर्चीवर बसलेला मी खोटा.

मंगळवार, २ डिसेंबर

अनुसयाला सांगितलं. बायकोला नाही सांगणार तर कुणाला? ती चूल फुंकत होती. म्हणाली, "मंग सांगी द्या ना डॉक्टरले. जीभ झडी जाई का?"

ओरडलो तिच्यावर. तिला काय कळतं! गावची, ब्राह्मणपुरीची शेती भावांकडे. इथं माझी इस्टेट काय, तर ‘गिरधर गुरुजींनी दिलं म्हणजे दिलं.’ शाळेची शर्यत असो की पोळ्याची कुस्ती, लोक माझ्या बोटाकडे बघतात. ते बोट एकदा खोटं ठरलं की माझं काय उरतं?

ती म्हणाली, "आनि इद्रिसनं काय उरनं?"

जेवलो नाही.

रविवार, ७ डिसेंबर

अंगणात तिनं रांगोळीची रेघ काढली. मी चार बोटं लावून बघितली. चोराच्या मनात चांदणं!

गुरुवार, १८ डिसेंबर

जिनिंगवरून जात होतो. इद्रिस पाठीवर कापसाचं बोचकं घेऊन चालला होता. तो हात! त्या हातातून चेंडू कसा सुटायचा ते मी दहा वर्षं पाहिलंय.

बोचकं खाली ठेवलं आणि सलाम केला. "बरं शे ना, गुरजी?"

शिवी दिली असती तर चाललं असतं. प्रौढांच्या वर्गात मीच त्याला अक्षरं शिकवली होती. स्कोर लिहिता येऊ लागला म्हणून तो मार्कर झाला. पहिल्यांदा आपलं नाव लिहून मला दाखवायला आला, तेव्हा पाटी छातीशी धरून उभा होता. आज ते सगळं त्याच्या डोळ्यांत असल्यासारखं वाटलं. की माझ्याच?

शुक्रवार, ९ जानेवारी १९५९

सुरतेच्या एका क्लबाचं पत्र. इद्रिसनं मार्करच्या जागेसाठी अर्ज केलाय. खेळ त्यांनी पाहिलाय, पसंत आहे. फक्त वर्तनाविषयी दोन ओळी हव्यात. ‘अर्जदाराने आपले नाव दिले आहे.’

माझं नाव दिलंय! माझं!

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. डॉक्टरसाहेबांनी तीळगूळ दिला, म्हणाले, "गोड बोला." तोंडात तसाच धरून घरी आलो.

तीन कागद फाडले. खरं लिहिलं तर सुरतेहून डॉक्टरांकडे विचारणा येणार. मग कमिटी, मग शाळा. चांगलं वर्तन एवढंच लिहावं, तर माझा स्वतःचा रिपोर्ट क्लबाच्या फायलीत आहे.

ठक. आता रोज ऐकू येतं. कधी वर्गात, कधी आंघोळीच्या तांब्यात. घाबरतो मी. खरंच घाबरतो.

गुरुवार, २२ जानेवारी

पत्र टाकलं. ‘खेळ उत्तम. अंपायरचा निर्णय मानीत नाही. एकदा बाद करावा लागला.’

प्रत्येक वाक्य पुराव्यानिशी सिद्ध होईल. पेटीत हात घालून परत काढता येईल का म्हणून बघितलं. तोंड अरुंद आहे.

रविवार, २५ जानेवारी

सकाळी जाहेदा आली, इद्रिसची बायको. आत ये म्हटलं तर आली नाही. पदराची गाठ सोडली आणि ओट्यावर ठेवली — बाभळीची खुंटी. डोक्यावर चुन्याचे थर, सुतळीनं पडलेली खाच.

"मॅचना दिनलेच सांजले काढी लिधी व्हती त्यास्नी," ती म्हणाली. "म्हनेत, कोनी खनी दखं ते गुरजीनं नाव जाई. आते नवा मार्कर येई, त्याले कोपरा सापडाले जोयजे. म्हनीन दी धाडी."

पायरीवर थांबली. "सुरतनं पत्र कवय येई, गुरजी?"

"येईल," म्हणालो.