वजा केलेले दिवस

३ जून, सोमवार
आज रुजू झाले! घरातली पहिली पदवीधर, आणि आता पहिली सरकारी नोकर. निघताना बाबा म्हणाले, लोकांची पोरं तुरुंगात गेली की आईबाप तोंड लपवतात, आम्ही मात्र गल्लीभर सांगत सुटलोय. आई त्यांच्यावर डाफरली, पण हसूही आलं तिला. धाकटीने माझ्या ओळखपत्रावरचा फोटो बघून निकाल दिला की यात तूच कैदी दिसतेस.

माझी खोली मोठ्या फाटकाच्या आत, डाव्या हाताला. गज असलेली एक खिडकी कैद्यांच्या बाजूला उघडते, तिथे उभं राहून ते आपली सुटकेची तारीख विचारतात. ती तारीख काढणं हेच माझं काम. शिक्षेतून चांगल्या वागणुकीची माफी वजा करायची. खटला चालू असताना आत काढलेले दिवसही वजा करायचे. हिशोबात चूक झाली तर माणूस फुकट आत राहतो. याहून महत्त्वाचं काम कोणतं असेल?

हेडक्लार्कना सगळे पाठीमागे खोडरबर म्हणतात. सारं पेन्सिलीने लिहितात आणि सारखे खोडत बसतात. मला म्हणाले, पोरी, इथे घाई करायची नाही. आणि कुणाचे दिवस कमी करायचे असले तर आधी मला विचारायचं.

६ जून, गुरुवार
एक चूक सापडली. बागेत काम करणाऱ्या म्हाताऱ्या कैद्याचे, सगळे त्याला माळीबुवा म्हणतात, अटकेनंतरचे चार दिवस कुणी वजाच केलेले नाहीत. खोडरबर रजेवर होते. विचारायचं काय त्यात? मी दुरुस्ती केली, तुरुंगाच्या मोठ्या साहेबांची सही घेतली. उद्या सुटणार म्हटल्यावर माळीबुवा खिडकीचा गज धरून नुसते उभे राहिले. मग म्हणाले, पोरी, उद्या आमच्या नातीची शाळा सुटायच्या वेळी मी फाटकाशी उभा असेन, तिला ओळखू यायचं नाही.

घरी येऊन सगळ्यांना दोनदा सांगितलं.

११ जून, मंगळवार
काय लिहू? शुक्रवारी माळीबुवा सुटले. संध्याकाळी मी फाटकातून बाहेर पाऊल टाकलं, आणि बाहेर मंगळवार होता.

घरी आले तर आईने आधी मुस्काटात मारली, मग मिठी मारून रडली. चार दिवस माझा पत्ता नव्हता. बाबांनी चौकीत तक्रार दिली होती. तुरुंगात चौकशी केली तेव्हा खोडरबर म्हणाले होते, आजारी असेल, येईल मंगळवारी. मंगळवारी, असं नेमकं.

मला काही म्हणजे काहीच आठवत नाही.

१३ जून, गुरुवार
डॉक्टर म्हणतात अतिश्रम, मनावर ताण. असेल. घरात बसून राहिले तर वेड लागेल, म्हणून कामावर गेले आणि कामाने बरं वाटलं.

आज दोन चुका काढल्या. भटारखान्यातल्या एका स्वयंपाक्याची नऊ दिवसांची माफी धरलेली नव्हती. तो उद्या सुटेल. दुसरी चूक मात्र भयंकर आहे. महिला विभागात एक बाई आहे, शिवणखात्यात काजं करते म्हणून तिला काजवाली म्हणतात. तिला तीन शिक्षा झाल्या. त्या एकत्र भोगायच्या, असं न्यायालयाने स्वच्छ लिहिलं आहे. आमच्या कचेरीने मात्र त्या एकापुढे एक मांडल्या. तिची बारा वर्षं जास्त धरली आहेत. बारा! बाहेर तिची मुलगी मामाकडे वाढते आहे.

कागद साहेबांकडे वर पाठवला. खोडरबरांना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. कुठे टाकलेस, असं विचारलं. मला वाटलं कागद कुठे टाकला विचारतायत. म्हटलं, साहेबांच्या टेबलावर.

२३ जून, रविवार
पुन्हा. शुक्रवारी स्वयंपाकी सुटला, संध्याकाळी मी फाटक ओलांडलं, आणि बाहेर आजचा रविवार होता. नऊ दिवस.

या वेळी बोटं सुजली आहेत. टोकांना सुया टोचल्याच्या खुणा. केसांना त्या पिवळ्या साबणाचा वास, महिला विभागात देतात त्याचा. आईने तीनदा न्हाऊ घातलं तरी जात नाही. धाकटी माझ्या खोलीत झोपायला तयार नाही.

२४ जून, सोमवार
महिला विभागाच्या जमादारीणबाई सकाळी खोलीत टेकल्या. हसत सांगत होत्या, नऊ दिवस आमची गणती एकाने जास्त भरत होती, डोकं पिकलं, काल रात्री बरोबर आली. मागेही चार दिवस असंच झालं होतं म्हणे. तुमच्या कागदात कुणी बाई जास्तीची आहे का बघा की, असं म्हणून निघून गेल्या.

मी खोडरबरांसमोर जाऊन उभी राहिले. माझी बोटं दाखवली. त्यांनी दार लावून घेतलं.

म्हणाले, इथे ठरलेले दिवस कुणीतरी काढावेच लागतात. एकाचे वजा केले की ते दुसऱ्यावर टाकायचे. कुणावर दोन, कुणावर पाच, कुणाला कळत नाही. माझ्याआधीचे तसंच करत, मी तसंच करतो. तू वजा करतेस आणि कुठेच टाकत नाहीस. मग ते दुरुस्ती करणाऱ्यावर येतात.

मी विचारलं, आणि काजवालीचे?

ते म्हणाले, साहेबांची सही झाली. शुक्रवारी सुटणार ती. तेवढ्यात कुणावर तरी टाक.

२५ जून, मंगळवार
नोकरी सोडते म्हटलं. खोडरबर म्हणाले, सोड की, दुरुस्तीत अक्षर तुझंच राहणार.

त्यांनी पेन्सिल पुढे केली. म्हणाले, थोडे थोडे वाटलेस तर पाप लागत नाही. मी विचारलं, तुम्हाला झोप लागते का. म्हणाले, लागते बाई. तीच तर पंचाईत आहे.

२६ जून, बुधवार
एकाचं नाव काढलं. बायकोला जाळणारा. त्याच्यावर सगळी बारा टाकली तरी कुणाला वाईट वाटणार नाही. मलाही नाही.

पेन्सिल टेकवली, आणि तोच खिडकीशी आला. ताई, माझी तारीख तीच आहे ना? बदलली तर नाही ना?

तीच आहे म्हटलं. पेन्सिल ठेवून दिली.

मग काय करू — कुणावर —

२७ जून, गुरुवार
साहेबांकडून कागद परत मागायला निघाले. खरंच निघाले. वाटेत शिवणखातं. काजवाली आपली कात्री एकीला, कांबळं दुसरीला देत होती. बायका चिडवत होत्या, आता घरी जाऊन काय करशील, लेकीच्या फ्रॉकला काजं? ती म्हणाली, फ्रॉक कसला गं, ती साडी नेसते आता.

साहेबांच्या दारापर्यंत गेले. परत आले.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, जाऊच नकोस उद्या. मी बसते तुझ्या दाराशी. बघू कोण नेतं.

२८ जून, शुक्रवार
गेले नाही. आतून कडी. दाराबाहेर आई, तिच्या बांगड्या ऐकू येतायत. बाबाही कामावर गेले नाहीत.

दहाला सोडतात. आता ती कपडे बदलत असेल. आता सही.

आई बाहेरून बोलते आहे, सारखी, काहीबाही, ती आहे हे मला कळावं म्हणून. मी हो, हो म्हणते.

दहा वाजले.

आईचा आवाज — बांगड्या नाहीत —

साबणाचा वास —

दार उघडलं. आई नाही. लांब खोली. बायका रांगेत बसल्यात. कुणीतरी मोजतंय. माझ्यापाशी थांबलं, आणि पुढचा आकडा —

तारीख माहीत नाही
वही माझ्याजवळ राहिली. पेन्सिल काजं आखायची आहे.

बायका चांगल्या आहेत. जागा देतात. नाव विचारत नाहीत. विचारलं तर मी सांगते, पण त्यांच्या लक्षात राहत नाही.

तारीख माहीत नाही
खिडकीशी नेलं होतं. खोडरबर होते. माझ्याकडे बघितलं नाही. खोडत होते.

माझ्या नावाचा कागदच नाही. कागद नाही तर शिक्षा नाही. शिक्षा नाही तर सुटकेची तारीख — कशातून वजा करणार —

थंडी
किती काजं. डोळे —

आईचा आवाज आठवतो. चेहरा —

आज
खिडकीत नवी मुलगी आहे. इस्त्रीचा ड्रेस, नवं ओळखपत्र. ताई म्हणाली मला. शिक्षा किती विचारलं. शिक्षाच नाही म्हटलं. तिचे डोळे भरले.

म्हणाली, हा अन्याय आहे. मी आजच दुरुस्त करते.

कोरा कागद घेतला. मी गजाशी उभी आहे, वही गजावर टेकवून. तिला सांगायला हवं. हात धरायला हवा — कुठे टाकणार आहेस ते आधी ठरव — आपल्यावर नको घेऊस — घरी कोण कोण आहे तुझ्या —

माझं नाव लिहिते आहे. नीट. किती दिवसांनी कुणी —

सांगते. सांगणारच आहे. एवढी ओळ तिची पुरी झाली की