टेंभुर्णीहून आलेल्या गोळ्या

परतूर, १९७४

अहो,

सप्रेम जयभीम.

तुम्ही टेंभुर्णीहून काकासाहेबांच्या हाती पाठवलेल्या अर्धशिशीच्या गोळ्या मिळाल्या. लग्नानंतर याच गोळीनं माझं डोकं उतरायचं, हे तुम्ही लक्षात ठेवलंत. मी लगेच एक घेतली. आता पोटात बाळ असताना चालेल का, हे विचारायचं दोघांनाही सुचलं नाही. संध्याकाळी पोट दगडासारखं घट्ट झालं, तेव्हा आईनं मला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “या गोळीनं गर्भाची पिशवी आवळते. पोटुशीला बिलकुल चालत न्हाई. साधी पॅरासिटामॉल घ्या, तीही मला विचारून. अन् उपाशी राहू नका.”

परतताना आई म्हणाली, “जावई डोक्याला जपून राह्यले. मंग पोटाला कुणी जपावं?” मी तिच्यावर चिडले. नंतर बाळ हललं आणि आम्ही दोघी रडलो.

तुम्ही विचारता, गोळ्या लागू पडल्या का? हो लिहिलं, तर पुन्हा पाठवाल. खरं लिहिलं, तर स्वतःला दोष देत राहाल. म्हणून हे पत्र न धाडता माझ्या कपड्यांच्या पेटीतच ठेवते. कार्डावर एवढंच लिहीन की अर्धशिशी थांबली, आता गोळ्या नकोत.

उजवं कानशील ठणकतं आहे. तुमचा हात हवा होता.

तुमची,
प्रभावती