मांडीवरची मुलगी

अहो,

तुमच्या पलटणीच्या छावणीजवळच्या शाळेतल्या पोरांसाठी वह्या-पेन्सिली गोळा कर, असं तुम्ही फोनवर म्हणालात आणि मी पदर खोचून कामाला लागले. शेजाऱ्यांनीही हात आखडता घेतला नाही. इतकी दप्तरं जमली की घरात बसायला जागा उरली नाही.

मग तुमचा फोटो आला. तुमच्या मांडीवर तिथली एक चिमुरडी, आणि तिचा हात धरून तुम्ही अक्षर गिरवून घेताय. सगळ्यांनी कौतुक केलं. माझ्या मात्र पोटात दुखलं. गेल्या सुट्टीत आपली छकुली तुम्हाला बघून माझ्यामागे लपली होती. "हे काका कधी जाणार?" असं तिने विचारलं, तेव्हा तुम्ही हसलात, आणि मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून उभे राहिलात.

फोटो मी तिला दाखवणारच नव्हते. सासूबाईंनी दाखवला.

"बाबा हिला शिकवतात?"

"हो."

"हिला येत नाही म्हणून?"

"हो गं."

ती आत जाऊन स्वतःची खडूपेटी घेऊन आली. "ही पण पाठव. हिचं झालं की माझा नंबर."

पेटी दप्तरांबरोबर तुम्हाला पाठवायच्या खोक्यात ठेवली आहे. हे पत्र ठेवत नाही. खोकं तुम्ही सगळ्यांदेखत उघडाल. लोक म्हणतात, बाईचं मन मोठं. कसलं मोठं! त्या पोरीला लवकर लिहिता यावं, असं मला मनापासून वाटतं, पण तिच्यासाठी नाही.

तुमचीच,
छकुलीची आई