माझं दुखणं, तिचा व्हिडिओ

३ जुलै, गुरुवार
कंपनीच्या बसमध्ये आज लाइनवरचा सेल्वम शेजारी येऊन बसला. एरवी मागच्या सीटवर झोपून जातो. पोरूरपासून श्रीपेरुंबुदूरपर्यंत जागा होता. उतरताना खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "सर, आता बरं आहे ना?" मला वाटलं सर्दीचं विचारतोय. हो म्हटलं.
कँटीनमध्ये क्वालिटी विभागातल्या दोघांनी सरकून जागा दिली. फार अदबीनं. आजाऱ्याला देतात तशी. काहीतरी शिजतंय.

४ जुलै
कळलं. सेल्वमला खोदून विचारलं तेव्हा त्यानं फोन पुढे केला. वैदेहीचा, माझ्या बायकोचा व्हिडिओ.
तिचं अकाउंट आहे हे माहीत होतं. समुपदेशनावर छोटे छोटे व्हिडिओ, इंग्रजीत, मध्ये मध्ये तमिळ. मी बघत नाही. मी तिला इंजिनचं सांगत नाही, तिनं मला मनाचं सांगू नये, असा आपला साधा हिशेब.
यात ती स्वतःबद्दल बोलते. म्हणजे माझ्याबद्दल. नाव नाही, पण 'नवरा, महाराष्ट्रातला, श्रीपेरुंबुदूरला कारच्या प्लँटमध्ये'. आमच्या लाइनवर असे किती आहेत? दोन वर्षांपूर्वीच्या माझ्या डिप्रेशनचं सगळं. मी आंघोळ करत नव्हतो ते. ती माझी दाढी करून द्यायची ते. बादली भरून वाहत असायची आणि मी शेजारी बसून बघत असायचो ते. आणि एका सकाळी मी तिला जे वाक्य बोललो होतो, तेही. शब्द न शब्द. ते मी डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं. इथेही लिहिणार नाही.
सेल्वम म्हणाला, "सर, मॅडम खूप छान बोलतात."
बोलतात.

६ जुलै, रविवार
काल बोललो नाही. आज बोललो.
वै. म्हणाली, हे ती सेशनच्या खोलीत समोर बसलेल्याला कधी कधी सांगतेच. एक मुलगी नुसती रडत होती, नवरा उठत नाही म्हणून. तिला सांगितलं, माझाही उठत नव्हता. ती मुलगी त्या दिवसापासून बोलायला लागली. मग वाटलं, एकीला उपयोग होतो तर अनेकींना होईल.
म्हणजे आधीपासून सांगतेय. दार लावून का होईना, सांगतेय.
मी म्हटलं, ती माझी गोष्ट होती.
ती म्हणाली, "तू अंथरुणात होतास, निखिल. उभी मी होते. ती माझीही गोष्ट आहे."
खरंच आहे ते. म्हणूनच जास्त चीड आली.
नंतर म्हणाली, "तुला वाईट वाटलंय हे मला कळतंय." क्लायंटशी बोलताना असतो तोच आवाज. दाराआडून इतक्या वेळा ऐकलाय. उठून बाल्कनीत गेलो.

९ जुलै
मिरजेहून आईचा फोन. चुलत वहिनीला कुणीतरी व्हिडिओ पाठवला. आईला इंग्रजी येत नाही, तेव्हा वहिनीनं शेजारी बसून वाक्यावाक्याचा अर्थ सांगितला. म्हणजे त्या वाक्याचाही.
तेव्हा आम्ही आईला सांगितलं होतं, कावीळ झालीये.
आई रडली नाही. म्हणाली, "मी देवाला कावीळ बरी कर म्हणून मागत होते रे."
फोन ठेवल्यावर वै.ला सांगितलं. तिचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं. असं बरं वाटणं चांगलं नाही, पण वाटलं.

१२ जुलै, शनिवार
वै. मैलापूरला तिच्या बाईंकडे जाऊन आली. ती सुरुवातीला ज्यांच्या हाताखाली काम शिकली त्या. तंजावरच्या मराठी, वय झालंय, मराठी जुनं आणि तमिळ हेलाचं. मला आवडतात. मागे एकदा जेवायला बोलावून, आमच्या वरणात गूळ का, यावर तासभर वाद घातला होता.
बाई म्हणे ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, की खोलीत तू सांगतेस तेव्हा समोरचीचा चेहरा बघून किती सांगायचं ते ठरवतेस, कॅमेऱ्यात कुणाचा चेहरा बघितलास?
वै.नं काय उत्तर दिलं ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. हल्ली आम्ही भाजी काय आणायची एवढंच बोलतो.

१५ जुलै
भाजीच्या दुकानात एक बाई थांबली. तमिळ, पन्नाशीची. आम्हा दोघांना इथे कधीतरी एकत्र पाहिलं असावं. आधी वै.चं नाव घेतलं, मग मी तिचा नवरा ना, असं विचारलं. म्हणाली, तो व्हिडिओ बघून तिचा नवरा पहिल्यांदा डॉक्टरकडे जायला तयार झाला. कारच्या कंपनीतला इंजिनिअर आजारी पडू शकतो तर मीही, असं म्हणाला. डोळे भरले होते तिचे. हातात चवळईची जुडी.
मी म्हटलं, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय, तो मी नव्हे.
तिचा चेहरा पडला. माफी मागून गेली.
घरी आल्यावर भाजी आणलीच नाही हे लक्षात आलं. वै.ला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं तर तिचं बरोबर ठरेल.

१८ जुलै, शुक्रवार
तमिळांचा आडी महिना लागला. कोपऱ्यावरच्या अम्मन देवीच्या देवळाचा कर्णा सकाळपासून. वै.ला दोन सेशन्स पुढे ढकलावी लागली.
त्यातलं एक तर झालंच नसतं. शोळिंगनल्लूरच्या आयटीतली मुलगी, बरेच दिवस येणारी, तिनं येणं बंद करतेय म्हणून कळवलं. वै.नं नाव सांगितलं नाही. कारण तेवढं सांगितलं, न राहवून. ती मुलगी म्हणाली, तुमच्याच घरी इतकं चाललंय, त्यात माझं कुठे आणखी. गेले काही आठवडे म्हणे स्वतःचं सोडून वै.चीच चौकशी करायची. सर जेवतात का. तुम्ही झोपता का.
"ती माझी काळजी घ्यायला लागली होती आणि मला छान वाटत होतं," वै. म्हणाली. ओट्याकडे तोंड करून.
जवळ जायला हवं होतं. गेलो नाही. पाणी पिऊन आलो.

२० जुलै
तिनं व्हिडिओ काढून टाकला. माझ्यामुळे की त्या मुलीमुळे, माहीत नाही. बहुतेक त्या मुलीमुळे.

२४ जुलै
काढून काय उपयोग. लाइनवरच्या ग्रुपवर अजून फिरतोय. आज सुपरवायझरनं बोलावून फार मायेनं विचारलं, रात्रपाळी झेपते ना, नसेल तर सांगा. मी विचारलं, कामात चूक झाली का? नाही म्हणाला. मग? तर म्हणाला, असंच.
आता हे 'असंच' आयुष्यभर. जांभई दिली तरी लोक एकमेकांकडे बघणार.
परतताना सेल्वम पुन्हा शेजारी. मला वाटलं विचारणार. तो स्वतःबद्दल बोलायला लागला. बायको मुलाला घेऊन वेल्लूरला माहेरी गेलीय, जेवण गोड लागत नाही, सुट्टीच्या दिवशी उठावंसं वाटत नाही. पूंदमल्लीपर्यंत बोलत होता. मी ऐकलं. वै.चा नंबर देऊ का म्हणालो, तर म्हणाला, नको सर, तुम्हालाच सांगावंसं वाटलं.
चीड कुणावर काढायची ते कळेना.

२७ जुलै, रविवार
सकाळी मी पेपर वाचत होतो. वै. आतल्या खोलीत. फोन वाजला, तिचाच मेसेज. आतून बाहेर मेसेज. लांबलचक. अकाउंटवर टाकायचा मजकूर.
'मी एक चूक केली' इथून सुरुवात. नवऱ्याचं दुखणं त्याला न विचारता जगाला सांगितलं, सांगताना कुणाला आधार देत होते आणि कुणाकडून घेत होते ते तपासलं नाही, जाहीर माफी मागते. आमचं भांडण आहे त्यात. मी बोलत नाही हेही आहे. खाली मला वेगळं: तू हो म्हणालास तरच टाकेन.
चांगलं लिहिलंय. एक जागा मी दोनदा वाचली. हे वाचून लोक तिला आणखी मानतील. आणि सोमवारी बसमध्ये मी पुन्हा सगळ्यांच्या समोर.
आत गेलो. ती पलंगाच्या कडेला, फोन हातात, माझ्या उत्तराची वाट बघत.
मी म्हटलं, "ही माफी कुणाची मागतेस?"
"तुझी."
"मग माझ्याकडे कधी मागितलीस?"
ती म्हणणार होती, मागितली की. तोंड उघडलंही होतं. मग आठवायला लागली. मीही आठवत होतो. खरं तर मनापासून वाटत होतं की एखादी तरी आठवावी.
तिनं फोन पालथा ठेवला. मी दारातच उभा. ती काहीतरी बोलायला लागली आणि थांबली, कारण तोच क्लायंटशी बोलायचा आवाज आला होता. तिलाही ऐकू आला तो. खाकरली.
मी तिथेच खाली बसलो, दाराला टेकून. ती अजून आपला आवाज शोधत होती.