फोटो काढणे, पाच गुण

३ फेब्रुवारी, सोमवार

आजी म्हणाला मला! कॅमेऱ्याच्या दुकानातला तो माणूस. स्वतःचे केस रंगवलेले, कानाशी पांढरे खुंट तसेच, आणि आजी मी! “आजी, फोन आहे ना तुमच्याकडे? मग कॅमेरा कशाला?” म्हटलं, माझ्या फोनची चौकशी नको. मला पर्समध्ये मावेल, एका हातात धरता येईल, रोज जवळ बाळगता येईल असा डिजिटल कॅमेरा हवाय. दाखवणार असाल तर दाखवा.

तीन दाखवले. एकही घेतला नाही. नाक मुरडून बाहेर पडले. 

घरी आल्यावर सून म्हणाली, “कॅमेरा? छान! कशासाठी, आई?”

म्हटलं, फिरायला जाते तेव्हा पक्षी टिपीन.

पक्षी! मला कावळा आणि चिमणी सोडून तिसरा ओळखता येत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

लिहून टाकते. इथे तरी.

शनिवारी सून स्वयंपाकघरातून मुलाशी फोनवर बोलत होती, मी हॉलमध्ये पेपर वाचत होते. तिचे शब्द जसेच्या तसे: “आईंचा फोटो काढून टाका ना एकदाचा. तेवढ्यासाठी सगळं अडलंय.”

हॉलला रंग द्यायचं घाटत होतंच. शाळेतून निवृत्त झाले त्या दिवशीचा माझा फोटो, हातात गुच्छ, मागे फळा, अकरा वर्षं त्या भिंतीवर आहे. म्हणजे रंगाच्या निमित्ताने माझी उचलबांगडी! डोक्यात तिडीक गेली.

शेजारच्याच खिळ्यावर तिच्या वडिलांचा फोटो. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या बॅगेच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. मीच बाहेर काढला, मीच खिळा ठोकून घेतला. “राहू दे हो, आई,” म्हणत होती. मी ऐकते कुठली! आल्यागेल्याला दिसायला हवं ना, आम्ही सुनेच्या माणसांना किती मान देतो ते. शनिवारी वर पाहिलं तर काचेवर बोटभर धूळ. ही बाई चहाच्या डब्याचं झाकणसुद्धा चकचकीत ठेवते, आणि गेलेल्या बापाच्या काचेला फडकं नाही! म्हटलं, एवढीच माया. माझा जाणार, तर हाही जाऊ दे.

ती बाजारात गेली. मी स्टुलावर चढले. उतरवला. मागचा पुठ्ठा सोडवला, तर फोटो दमट हवेने काचेला चिकटलेला. मी ओढला. रागाने ओढला, खोटं कशाला लिहू? वडिलांच्या कानापासून कॉलरपर्यंत आणि तिथून खाली, टर्रकन.

तिला सांगितलं, काच तडकली होती, दुरुस्तीला दिलाय. “बरं,” म्हणाली. एवढंच.

रविवारी सकाळी मुलगा पांढरी चादर घेऊन हजर. “आई, चल, भिंतीपुढे उभी राहा. पासपोर्टचा फोटो काढायचाय. तुझ्या एका फोटोसाठी तिघांचे अर्ज अडलेत.”

उभी राहिले. “हसू नकोस हं,” म्हणाला. हसणार कोण होतं!

चौतीस वर्षं मराठीचं व्याकरण शिकवलं मी. लहानपणी कॉन्व्हेंटात मराठी बोलले की सिस्टर गळ्यात पाटी अडकवायच्या. त्या हट्टापायी मराठीचीच बाई झाले. सहामाहीला माझा ठरलेला प्रश्न: ‘काढणे’ या क्रियापदाचे पाच अर्थ वाक्यांत उपयोग करून दाखवा, पाच गुण. दूध काढणे, राग काढणे, दिवस काढणे, खोडी काढणे, फोटो काढणे. शेवटच्या एकातच दोन अर्थ लपलेत, हे कुठल्या उत्तरपत्रिकेत आलं नाही आणि बाईंच्याही डोक्यात आलं नाही. इंग्रजीत ही पंचाईत नाही, टिपायला एक शब्द, उतरवायला दुसरा. सिस्टर आज असत्या तर पाटी घेऊन आल्या असत्या. मी मुकाट मान पुढे केली असती.

शून्य गुण, बाई!

५ फेब्रुवारी, बुधवार

कॅमेरा का, तेही लिहिते. फाटलेल्या फोटोची प्रत काढून नवी फ्रेम टांगायची, असा बेत आहे. फोनवर काढता येत नाही. मुलाने असं काही जोडून ठेवलंय की मी टिपलेलं दोन मिनिटांत तिघांच्या फोनवर दिसतं. कोपऱ्यावरचा स्टुडिओवाला सुनेच्या ऑफिसातल्या ओळखपत्रांचं काम करतो आणि त्याच्या पोटात काही राहत नाही. आणि कॅमेरा रोज जवळ हवा. एक दिवस नेला तर संशय, रोज नेला तर सवय. बघा, माणूस खोटेपणात किती पद्धतशीर होतो!

पुन्हा दुकानात गेले. आज मी ‘मॅडम’ झाले होते.

“कशाचे फोटो काढणार, मॅडम?”

“पक्ष्यांचे.”

“मग हा घ्या. झूम बघा, झाडाच्या शेंड्यावरचा दिसेल.”

“लांबचं नको. जवळचं नीट यायला हवं. वीतभर अंतरावरून.”

“वीतभर?” माझ्याकडे बघतच राहिला. “पाळलेले आहेत का?”

शेजारचं गिऱ्हाईक फिस्सकन हसलं. मीही हसले असते, दुसऱ्या कुठल्या कामासाठी आले असते तर.

पण माणूस कामाचा निघाला. म्हणाला, पडद्यावर उन्हात काही दिसत नाही, डोळा लावून बघायची खिडकी असलेला घ्या. जवळच्या फोटोसाठी फुलाचं चिन्ह असतं, ते बटण बाहेरच हवं. आणि पर्समध्ये किल्ल्या असतील तर भिंग आपोआप झाकलं जाणारा बघा. नवे सगळे कॅमेरे फोटो फोनवर पाठवतात म्हणे. मी म्हटलं, न पाठवणारा दाखवा. “असा कोण मागतो हल्ली?” म्हणत खालच्या कप्प्यातून एक जुना, वापरलेला काढला. काळा, साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा, मनगटात अडकवायला दोरी. कुणाला काही न सांगणारा.

तोच घेतला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

जेवताना मुलाने विचारलं, “फ्रेमचं काय झालं गं?” म्हटलं, कारागीर आजारी आहे. सून म्हणाली, “असू दे, घाई नाही.” कारागिराला काय झालंय, म्हणून मुलाने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, कावीळ!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वाचनालयात खिडकीजवळचं टेबल मिळालं. पर्समधून दोन्ही तुकडे काढले, जुळवून ठेवले, कडांवर दोन शब्दकोश. फुलाचं बटण दाबलं. एकवीस फोटो काढले. ग्रंथपालबाई येऊन “काय टिपताय?” विचारून गेली. “नकाशा,” म्हटलं. जीभ आता सरावली आहे.

मग पडद्यावर मोठं करून पाहिलं, फाटल्याची रेघ किती दिसते ते. सात वर्षं भिंतीवर होता, पण मी तो कधी इतक्या जवळून पाहिला नव्हता. वडील सरळ उभे, इस्त्रीचा शर्ट. शेजारी सून, सात-आठ वर्षांची, रिबिनी. वडिलांचा हात तिच्या डाव्या खांद्यावर. बोटं रुतलेली, फ्रॉकला तिथे चुण्या पडल्यात. खांदा कानापर्यंत वर आलेला. चेहरा रडवेला. ऊन डोळ्यांवर येत असणार.

फाट बरोबर दोघांच्या मधून गेली आहे. बाप एका तुकड्यात, लेक दुसऱ्यात. त्याचा फक्त पंजा तिच्याकडे राहिला.

एका पोरीचा बाप मी दोनदा नेला, एकदा भिंतीवरून, एकदा तिच्या शेजारून, असं वाटलं. कॅमेरा बंद केला, तुकडे पर्समध्ये ठेवले, शब्दकोश जागेवर लावले.

९ फेब्रुवारी, रविवार

दुसऱ्या भागातल्या दुकानात छापून आणला. रेघ दिसतेच. कुणालाही दिसेल.

घरात माझं नाव आता ‘छायाचित्रकार बाई’. मुलगा म्हणतो, “एक तरी पक्षी दाखव की!” सून म्हणाली, “अहो, दाखवतील सवडीने, छळू नका त्यांना.” माझी बाजू घेते ही! आज चहा देताना तिने मला दोनदा नीट पाहिलं. “बरं वाटत नाही का, आई?” मी म्हटलं, डोळे दुखतात.

हिला मी पाठीमागे काय काय बोलले आहे! आळशी, कोरडी, बापाला विसरलेली. नुसतं बोलले नाही, पाच दिवसांपूर्वी इथे लिहिलंही. पान फाडावंसं वाटलं. फाडणार नाही. फाडाफाड पुरे झाली.

१० फेब्रुवारी, सोमवार

उद्या सांगणार. छापील प्रत नाही, मूळ तुकडेच समोर ठेवणार. काय बोलेल ते ऐकून घेणार. मध्ये बोलणार नाही. हे मला जमलेलं नाही आजवर.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं. तुकडे टेबलावर ठेवले आणि म्हटलं, मी काढला. रागाने. काच, कारागीर, कावीळ, सगळं खोटं.

तिने तुकड्यांना हात लावला नाही. म्हणाली, “बरं झालं काढलात, आई. त्यांची चप्पल दारात वाजली तरी मी पलंगाखाली शिरायची. तो फोटो आईने बळेच बॅगेत घातला होता. आणि तुम्ही इतक्या हौसेने लावलात... सात वर्षांत मला सांगायचा धीर झाला नाही.” बोलताना तिचा उजवा हात डाव्या खांद्यावर गेला होता. तिला कळलंही नसेल.

धूळ मला दिसली होती. तो खांदाही. दोन्ही वर लिहून ठेवलेत, माझ्याच अक्षरात.