चाकाचा धोटा

४ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी ४.
ही डायरी औषध कंपनीची. यांले व्यायाम शिकवाले येतात त्या नूपुर मॅडमनं देली. म्हणे, काकू, काका काय खातात, काय बोलतात, रोज लिहीत जा. म्हटलं, मी चौथी शिकलेली बाई, मले कायले लिहाले लावता? म्हणे, तुमच्यापुरतं लिहा, कोणी वाचत नाही. मंग ठीक आहे.
खाल्लं: अर्धी पोळी. बोलले: मऊ. चार वेळा.
लकव्यानं उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, चार महिने झाले. एवढा एक शब्द उरला. मऊ. म्हणजे पोळी कडक लागते. नूपुर मॅडमले समजलं नाही, मले लगेच समजलं. सव्वीस वर्षं संसार केला तो उगाच नाही.
उद्यापासून सगळं मऊ. संक्रांतीपर्यंत हे चालतील. लिहून ठेवलं म्हणजे पक्कं.

५ नोव्हेंबर
गुरगुट्या भात केला. दोन घास खाल्ले आणि मऊ मऊ करत डोळ्यांत पाणी. अजून मऊ पाहिजे वाटते. उद्या मिक्सरमधून काढीन.
अडचण ही की माही ड्युटी सात ते तीन. धंतोलीत दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या करते. तोवर हे एकटे. दुपारी शेजारच्या वच्छलाबाई भरवून जातात आणि मले बोलून जातात. पोरीले बोलाव वं कामिनी, नरखेड काय लंडनले आहे का? म्हटलं, मले पोरगी नाही. म्हणे, मंग मयुरीचं बारसं काय आम्ही फुकट जेवलो?
मयुरीनं तीन वर्षांआधी कोर्टात जाऊन लग्न केलं. पोरगा भूपेश, नरखेडकडचा संत्र्याच्या बगीच्यावाला, आपल्या कोष्ट्यातला नाही. त्या दिवशी मी दार बंद केलं. हे भिंतीकडं तोंड करून बसले. म्हणजे माह्यापेक्षा यांले जास्त राग. यांच्या मोबाईलमधून तिचा नंबरही मी काढाले लावला. माह्यासमोर यांनी काहीतरी दाबलं.

७ नोव्हेंबर
चारमजली बिल्डिंगमधल्या गार्गी मॅडमकडं संध्याकाळच्या पोळ्या कराले गेली, तर त्या झाडू मारायची थाळी कचऱ्यात टाकून राहिल्या होत्या. ती गोल, आपआप फिरणारी. ब्रश तुटला, कचरा घेत नाही म्हणे. म्हटलं, चालते तर खरी? म्हणे, चालते. मंग द्या.
माह्या डोक्यात आहे. आता नाही लिहीत, पहिले करून दाखवीन.

१० नोव्हेंबर, रविवार
झालं. थाळीवर स्टीलच्या डब्याचं झाकण, त्यावर सेल्फी स्टिक उभी, स्टिकले यांचा जुना मोबाईल, खाली पावर बँक. पहिले टेपनं चिकटवलं, पडलं. मंग फेविक्विकनं, माहं बोट चिकटलं. शेवटी सुतानं बांधलं, आमच्या गाठीनं. आमच्या घरी माग होता तेव्हा हे लुगडी विणत, मी सुताच्या कांड्या भरत होती. तुटलेला धागा जोडाची गाठ माह्या हातात अजून आहे. ती सुटत नाही, कापाच लागते.
मंग चौकातल्या अमोलच्या मोबाईल दुकानात नेलं. तो हसला. म्हणे, काकू, हे काय, चंद्रावर सोडता का? म्हटलं, हसू नको, टकल्या, काम कर. कामाचा माणूस आहे. माह्या फोनमध्ये बटण टाकून देलं. कॅन्टीनमधून दाबलं की थाळी घरात चक्कर मारते. दार, गॅस, खिडकी, पुन्हा खाटेजवळ. मी फोन लावला की तिकडं आपआप उचलल्या जाते, हे दिसतात. आणि हे काही बोलले तर थो फोन ऐकून राहते. काका फोनमधल्या ज्याचं नाव घेतील त्याले लागेल, म्हणे. म्हटलं, दुसऱ्या कोणाचं घेतील? माहंच घेतील.
तशी यांनी मले कधी नावानं हाक मारली नाही. ऐकलं का, एवढंच. पण वेळ आली की घेतील.
मंग म्हणे, यांचा नंबर कोणत्या नावानं टाकू? मी आधार कार्ड समोर केलं. त्यानं मोठ्यानं वाचलं, मी रस्त्याकडं पाहिलं. म्हणे, काकू, हाताले कणीक असली तर नुसतं नाव घ्या, फोन लागते. म्हटलं, लग्नात उखाण्यात घेतलं होतं, थेही लोकायनं ढकलून. मी बोटानंच दाबीन.

१२ नोव्हेंबर
नाव ठेवलं धोटा. मागावर सूत घेऊन इकडून तिकडं पळते तो धोटा, तशीच ही थाळी पळते. यांनी पाहिलं आणि डावा हात हलवला. धोट्याची दोरी ओढतात तसाच. तो हात चांगला आहे, पण मागाची खूण चार महिन्यांत पहिल्यांदा. नूपुर मॅडमच्या व्यायामानं झालं नाही थे माह्या धोट्यानं झालं.
आता कोणाची गरज नाही.

१५ नोव्हेंबर
फोन लागत नाही. साडेदहाले लावला, अकराले लावला. बाई बोलते, आपण ज्यांना फोन केला आहे ते दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहेत. खोटारडी. ज्या माणसाले बोलता येत नाही तो कोणाशी व्यस्त राहीन? नेटवर्क खराब आहे. धंतोलीत दवाखानेच दवाखाने, एवढ्या मशिनी, नेटवर्क कुठून राहणार?
संध्याकाळी हे खुशीत. मऊ: अकरा वेळा.

२० नोव्हेंबर
मोबाईलची बॅटरी घरी येईपर्यंत खतम. अमोलशी भांडली. म्हणे, काकू, व्हिडिओवर कोणी एवढं बोललं तर संपेलच ना. म्हटलं, कोण बोलते? भिंत? तुही बॅटरी चायनाची. म्हणे, बॅटरी तुमचीच आहे.
नवीन बसवली. थेही संपली.

२५ नोव्हेंबर
मऊ: एकोणीस वेळा. गादीवर दुसरी गादी टाकली, उशीत नवा कापूस भरला. यांनी माह्याकडं पाहिलं आणि मान हलवली, नाही नाही. हे असेच. मागावरही माहं कोणतंच काम यांले पसंत नव्हतं.
कॅन्टीनमधल्या वंदनाले धोट्याचा फोटो दाखवला. ती म्हणे, कामिनीताई, भाऊजी एकटे पडत असतील वं. म्हटलं, एकटे कसे? धोटा आहे ना.

१ डिसेंबर, रविवार
वच्छलाबाईनं टोपलीभर संत्री आणली, देठाले हिरवं पान लागलेली. भाचा देऊन गेला म्हणे. वच्छलाबाईचा भाचा तर वाडीले ट्रक चालवते. विचारलं तर म्हणे, ट्रकवाल्यानं संत्री खाऊ नये असं कुठं लिहिलं आहे? हे तीन संत्री खाऊन गेले. माह्या हातचं एक खात नाहीत. पण खाल्लं थे महत्त्वाचं. मऊ असते ना संत्रं.

८ डिसेंबर, रविवार
धोट्याले पाण्याची बाटली लावली, नळी वर काढून. थंडीचं ब्लँकेट खाटेवरून लोंबते, त्याच्या झालरीत चाक अडकलं, सगळं आडवं. चूक ब्लँकेटची. झालर कापाची आहे. आज कैची सापडली नाही.

१५ डिसेंबर, रविवार
कैची सापडली. पण नवं ब्लँकेट, कापाले जीवावर आलं. पुढच्या रविवारी झालर आतून शिवून टाकीन. तोवर पायाकडचं टोक गादीखाली खोचून ठेवते. संक्रांतीले एकच महिना राहिला, यांले चालाची घाई करावी लागेल.

१७ डिसेंबर, मंगळवार. रात्री.
पडले.
जसं झालं तसं लिहिते. साडेदहाले फोन लावला, व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त. पाच वेळा. माहं डोकं फिरलं. म्हटलं, नेटवर्क बसलं असन, धोटा हलला की जागं होईन. चक्करचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं.
बाराले वच्छलाबाईचा फोन. कामिनी, ये.
घरी आली तर हे खाली गादीवर, कपाळाले पट्टी, डावा हात सुजलेला. धोटा ब्लँकेटच्या झालरीत उलटा. गल्लीतल्या डॉक्टरनं पाहिलं, हाड मोडलं नाही म्हणे. म्हटलं, तुमाले कसं कळलं वं? वच्छलाबाई माह्याकडं पाहत नव्हत्या. म्हणे, मले फोन आला. कोणाचा? म्हणे, मयुरीचा.
दोन वाजता गाडी लागली दारात. भूपेश चालवत होता. ती आत आली, मले ओलांडून यांच्याजवळ बसली. यांनी सुजलेला हात उचलला, तिच्या तोंडावर ठेवला.
म्हणे, मऊ.
ती म्हणे, हो बाबा, मी आली. मयू आली.
मी चुलीजवळ उभी होती. घरात चूल नाही, गॅस आहे. काय लिहून राहिली.

१८ डिसेंबर
सगळं उघड झालं. नंबर यांनी काढलाच नव्हता, मयू नावानं तसाच होता. धोटा आला त्याच हप्त्यात हे मयू म्हणाले आणि फोन तिले लागला. तेव्हापासून रोज दहा ते अकरा. ती बोले, हे ऐकत. ती वावरातली संत्री दाखवे, तिचं पोट दाखवे. सातवा महिना आहे तिले. संत्री तिचीच. वच्छलाबाईले सगळं माहीत. गल्लीले माहीत. अमोलले बॅटरीवरून माहीत.
मोबाईलले समजलं. चारशे रुपयात दुरुस्त केलेला मोबाईल.
मी म्हटलं, मशीन पडली कशी? मयुरी हळूच म्हणे, आई, आम्ही बोलत होतो. एकदम ही मशीन पाठीमागं जाऊन राहिली. बाबा म्हणाले मयू, मयू, आणि पकडाले वाकले.
बटण कोणी दाबलं थे तिनं विचारलं नाही. मीही सांगतलं नाही. चूक झालरीचीच आहे.

२० डिसेंबर, शुक्रवार
गेले. नरखेडले. मयुरी म्हणे, आठ-पंधरा दिवस नेते, तिथं माणसं आहेत, अंगण आहे, आई, तूही चल. भूपेशही म्हणे, आई, चला ना. चांगलं बोलते पोरगा, उगाच लिहून ठेवते.
म्हटलं, मले ड्युटी आहे.
यांले विचारलं, जाता का? यांनी माह्याकडं पाहिलं. डावा हात हलवला, धोट्याची दोरी ओढतात तसा. मी म्हटलं, धोटा इथंच राहीन, तुम्ही परत आले की लागेल ना. मयुरी मोबाईल सोडवत होती, गाठ सुटेना. म्हणे, कैची दे. म्हटलं, कैची सापडत नाही.
भूपेशनं यांले नवा फोन घेतला आहे. नंबर कागदावर लिहून देला. डायरीत ठेवला.
गाडी वळली तेव्हा आतून आवाज आला. ऐ, असं काहीतरी. मयुरी म्हणे, आई, बाबा ऐकलं का म्हणून राहिले. मले तसं ऐकू आलं नाही. गाडीचा आवाज होता.

२९ डिसेंबर, रविवार
झालर शिवून टाकली. गादी उन्हात घातली. एकच ठेवली, मऊ नको, यांनी मान हलवली होती ना. धोटा रोज चार्ज करते. आठ दिवस होऊन गेले. पंधरा म्हणाली होती.
कागदावरचा नंबर फोनमध्ये टाकाचा आहे. अमोलकडं जाईन. आज दुकान बंद असन.

४ जानेवारी
दुकान चालू होतं. गर्दी होती. परत आली.
पंधरा दिवस झाले. वच्छलाबाई म्हणे, भाऊजी दोन पावलं चालले वं तिकडं, काठीनं, संत्र्याच्या झाडापर्यंत. म्हटलं, मी म्हटलंच होतं, संक्रांतीपर्यंत चालतील. डायरीत लिहिलेलं आहे.

६ जानेवारी, सोमवार
साडेदहाले सवयीनं फोन काढला. दोन्ही हाताले कणीक. वंदना पराती घासाले गेलती, बाकी कोणी नव्हतं. म्हटलं, पाहू.
नाव घेतलं. उखाणा न घेता, कोरडं. ईश्वरदास. आवाज एवढासा निघाला. फोन म्हणे, समजलं नाही. मंग मोठ्यानं घेतलं.
एका झटक्यात लागला. व्यस्तवाली बाई काही बोलली नाही. तिकडं आपआप उचलल्या गेला. खाट दिसली. गादी गुंडाळलेली, उशी वरती, खिडकीचं ऊन. लख्ख दिसत होतं, नेटवर्क एकदम चांगलं. मी चक्करचं बटणही दाबलं. दार दिसलं, गॅस दिसला, खिडकी दिसली. कुठंच अडकला नाही. पुन्हा खाटेजवळ येऊन उभा राहिला.
मी पुन्हा एकदा नाव घेतलं. फोन चालूच होता, गरज नव्हती.
पाठीमागं वंदना आली. म्हणे, भाऊजी कसे आहेत?
फोन उलटा ठेवला, कणकेत.
म्हटलं, झोपले आहेत.