चार तासांचा उजेड

ता. शिरपूर
९ जुलै १९९२

प्रिय चुडामण,

‘प्रिय’ लिहावंसं वाटत नव्हतं, तरी लिहिलं. तुझं कार्ड पोचलं. शेजारच्या मोतीलालचा टीव्ही बंद पडला म्हणून धुळ्याहून एवढ्या तातडीने लिहिलंस! माझा नवरा गेला तेव्हा तुझं पत्र यायला महिना लागला होता.

तीन वर्षांपूर्वी वस्तीवर सौरदिव्यांच्या पाट्या बसल्या. दिवसभर उन्हात भरलेली बॅटरी अकरा घरांत वाटायची कशी, यावरून किती तोंडं वाजली! आपली सगळी भावकीच. शेवटी भावकीतले थोरले म्हणून कौतिकआबा म्हणाले, “रोटना गहू मोजतस तसा उजेड मोजा.” कानबाईच्या सणाला रोटाच्या नैवेद्यासाठी घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू, तसा दर पुरुषामागे एक तास. सगळ्यांच्या आधी मान तू डोलावलीस. तू आणि तुझे तीन मुलगे, चार तास. माहेरी परतलेली मी आणि माझी लेक कुंदा, शून्य. त्यानंतर आठवडाभर तू माझ्या अंगणातून गेला नाहीस.

शिवाय मुलांना घेऊन धुळ्याला नोकरीला जाताना बॅटरीच्या खोलीची किल्ली माझ्याच हातात ठेवलीस. पाट्या पुसायच्या, बॅटरीत पाणी घालायचं, दिवेलागणीला घराघराची बटणं दाबायची, आणि स्वतःच्या घरी येऊन रॉकेलची चिमणी पेटवायची. तुझ्या कुलूपबंद घराचे चार तास मोतीलालला भाड्याने दिलेस. मी रात्री त्याच्या ओट्यावर मशीन नेऊन लोकांचे ब्लाउज शिवत होते, बदल्यात त्याच्या बायकोचे फुकट. सख्ख्या भावाचा उजेड मी मोतीलालकडून विकत घेतला. लाज वाटते रे मला तुझी.

गेल्या आठवड्यात बैठकीत मी किल्ली सगळ्यांपुढे टाकली. म्हटलं, ज्याचे तास जास्त, त्याने उद्यापासून पाणी घालावं. एकाही पुरुषाला ते पाणी कुठून घालतात हे ठाऊक नव्हतं.  मग आबांनीच ठरवलं, घरटी सारखे तास आणि बंद घराला काही नाही.

तू लिहितोस, “अक्का, माझी तार तेवढी जोडून दे.” ती तार मीच काढली, चुडामण, आणि माझ्या घराला लावून घेतली. तिच्याच उजेडात हे लिहितेय. परत जोडणार नाही, हे सांगायलाच हे पत्र. श्रावणात कानबाईला मात्र चौघे या. तुमच्या नावाचे गहू मी निवडून ठेवलेत, त्यात एक मूठ कमी होणार नाही. फक्त येताना कंदील घेऊन ये.

तुझीच,
मंदाअक्का